त्या खोलीला खिडकी नव्हती

४ जून

छोट्या,

‘प्रिय’ वगैरे नंतर बघू. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते बराच वेळ न फोडता ठेवलं असशील, हे मला माहीत आहे. तरी फोडलंस ना? मग आता शेवटपर्यंत वाच. काम माझं नाही, आईचं आहे.

आपलं जुनं घर विकलं गेलं. घेणारी तुझ्याच वाचकांची एक समिती आहे. तुझ्या कादंबरीतलं घर जसंच्या तसं उभं करायचं, तिकीट लावून लोकांना दाखवायचं, शाळांच्या सहली आणायच्या, असा बेत आहे. समितीचे अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक आहेत. तुझं पुस्तक त्यांना इतकं पाठ आहे की बोलताबोलता ते मधेच तुझं वाक्य म्हणतात आणि समोरच्याकडे बघत राहतात, ओळखलं का म्हणून. लेखकाची सख्खी बहीण आर्किटेक्ट आहे म्हटल्यावर त्यांची आयतीच सोय झाली. नकाशे मी काढायचे, देखरेख मी करायची.

मी हो म्हटलं. का, ते सांगते. दुसऱ्या कुणी हे काम घेतलं असतं तर त्याने पहिल्याच आठवड्यात मागच्या खोलीच्या भिंतीला खिडकी पाडली असती. पुस्तकात आहे ना, अध्यक्षांनी तोंडपाठ म्हणून दाखवलं! पूर्वेची खिडकी, निळ्या झडपा, टेकून बसायला रुंद कट्टा. आजारी आई तिथून बाहेर बघते आणि मुलाला गल्ली दाखवते. आणि त्याच्या आधीचं ते प्रकरण, शाळेच्या पुस्तकात धडा म्हणून घेतलेलं: वडील कामावरून येतात, बाह्या वर करतात आणि छिन्नी-हातोडा घेऊन बायकोसाठी स्वतः भिंत फोडतात. अंगठ्याला लागतं, रक्त येतं, तरी थांबत नाहीत. मी तुझं पुस्तक तिथेच मिटलं होतं. त्यापुढचं एकही पान मी वाचलेलं नाही, हे आज पहिल्यांदाच कुणाला सांगते आहे.

त्या खोलीला खिडकी नव्हती, छोट्या. ती सामानाची खोली होती. आई घरातून उठून चालायला लागायची म्हणून बाबांनी तिला तिथे ठेवलं. दाराला बाहेरून कडी, कडीला कुलूप, किल्ली बाबांच्या खिशात. तुझ्या जन्मानंतर ते सुरू झालं आणि ती गेली तेव्हाच संपलं. मी हे एकदाच बोलले, त्या वर्तमानपत्रवाल्यापुढे. तू मला लिहिलंस, ‘ताई, तुला माझं चांगलं बघवत नाही.’ तेव्हापासून आपल्यात शब्द नाही. ती मुलाखत अध्यक्षांनीही वाचली आहे. ते हसून म्हणतात, “चालायचंच हो, भावंडांत.”

त्या घरात काय होतं ते सांगू शकतील अशी तीनच माणसं उरली आहेत. मी सांगितलं तर तो हेवा ठरतो. बाबांचं काय झालंय ते नंतर लिहिते. राहिलास तू. समितीला दोन ओळी लिही: खिडकी नव्हती, भिंत कुणी फोडली नाही. पुस्तकात काय वाटेल ते लिही, तो तुझा धंदा आहे. पण वीट-सिमेंटात खोटं उभं राहिलं की थोड्या वर्षांनी तेच खरं होऊन बसतं. त्या खोलीत आईचा जीव गेला. तिथे उभं राहून लोक ‘काय छान उजेड येतो’ म्हणतील, ते मला सोसणार नाही.

बाबा बरे आहेत. त्यांच्या खोलीच्या दाराचं थोडं काम निघालं होतं, ते करून घेतलं.

ताई


१९ जून

छोट्या,

तुझं उत्तर नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला निदान शेळ्या कुठे गेल्या एवढं तरी कळायला हवं, म्हणून पुन्हा लिहिते.

बाबांबद्दल सांगते म्हटलं होतं. बाबांना हल्ली काल काय झालं ते आठवत नाही. सकाळचा चहा घेतला की नाही, तेही विचारावं लागतं. पण तुझी कादंबरी त्यांना आठवते. पुस्तक म्हणून नाही, स्वतःचं आयुष्य म्हणून. त्यांना सांभाळायला एक बाई येते. तिला ते रोज दुपारी सांगतात, “आमच्या मंडळींना उजेड हवा होता. मी म्हटलं, थांब. एका संध्याकाळी भिंत फोडली.” आणि अंगठ्यावरचा व्रण पुढे करतात. तो व्रण कशाचा आहे, तुला आठवतं? बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडताना झाकण लागलं होतं. मी चिंधी बांधली होती. तू डबा पळवून खाटेखाली बसला होतास.

सांभाळणारी बाई डोळे पुसते. मला म्हणते, “ताई, असा नवरा मिळायला भाग्य लागतं.” मी काय बोलणार? खरं बोललं की सख्ख्या आईला राग येतो, ही तर परकी बाई.

अध्यक्षांना हे कळलं. त्यांनी हट्टच धरला की वडिलांना एकदा घरी आणा. मी टाळलं. ते गाडी घेऊन दारात हजर. बाबांनी स्वतः इस्त्रीचा शर्ट मागितला.

मागच्या खोलीत बाबा आपणहून गेले. आता तिथे काही नाही. खाट नाही, गाद्यांचा ढीग नाही, छताला फक्त तो एक दिवा लटकतो आहे. ठेकेदाराने मोठा दिवा आणून लावला. समितीतल्या कुणीतरी मोबाईल वर धरला. बाबांनी भिंतीवर हात फिरवला, जरा थांबले, परत फिरवला आणि म्हणाले, “इथे. पहिला घाव इथे घातला.” ठेकेदाराने खिशातून खडू काढून तिथे फुली मारली. अध्यक्षांनी लगेच तुझं एक वाक्य म्हटलं. मी सगळ्यांसमोर विचारलं, “बाबा, आणि कडी कुठे होती?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, जसं रस्त्यात कुणी पत्ता विचारला की बघावं.

“कडी?” ते म्हणाले. “आजारी माणसाच्या खोलीला कडी कशाला?”

ते खोटं बोलत नव्हते, छोट्या. तेच तर भयंकर आहे. आयुष्यभर त्यांनी ती गोष्ट तोंडातून काढली नाही, मनात धरून बसले असतील असं मला वाटायचं, आणि त्या धरून बसण्याचाच मला आधार होता. निदान त्यांना माहीत आहे, असं मी म्हणायचे. आता तेही गेलं. तू त्यांना चांगला नवरा करून दिलास आणि त्यांनी तो अंगात घातला, बरोबर मापाचा बसला.

मी धंद्यात पडले तेव्हा लोक मला ‘खिडकीवाल्या बाई’ म्हणायचे, तुला माहीत नसेल. न्हाणीघराला मी खिडकी देते, जिन्याला देते, भांडी ठेवायच्या कोनाड्यालाही एकदा दिली होती. एका गिऱ्हाइकाने विचारलं, “बाई, एखादी भिंत भिंतच ठेवाल का? कपाट कुठे लावू?” सगळे हसले. मीही हसले. ज्याचं जळतं त्याला कळतं.

बाबा हिंडायला लागले आहेत. मागच्या महिन्यात एका सकाळी गॅसवर दूध होतं आणि ते निघाले. बेकरीवाल्याचा फोन आला, “तुमचे वडील इथे उभे आहेत, एका पायात चप्पल आहे, कुठे जायचं म्हणतात ते कळत नाही.” त्यावर मी उपाय केला आहे. काळजी करू नकोस. दोन ओळी लिही.

ताई


२ जुलै

छोट्या,

तुझं पत्र आलं. एवढ्या वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. म्हातारं झालंय.

तुझ्या पत्रात पाचसहा वाक्यं आहेत. ती इथे उतरवते, कारण उत्तर त्यांनाच देते आहे. ‘ताई, मला खिडकी आठवते. मी रचलेली नाही. मी तिच्यातून बघितलं आहे. बाबांनी भिंत फोडली ते मी लिहिताना घातलं, कारण एवढी सुंदर खिडकी कुणीतरी तिला प्रेमाने करून दिली असणार, असं मला वाटलं. पण खिडकी होती. तू दाराच्या बाहेर होतीस, मी आत होतो. आत काय होतं ते तुला बाहेरून कसं कळणार?’

वाचून मी पत्र टेबलावर आपटलं. मग उचलून पुन्हा वाचलं. कारण शेवटचा घाव वर्मी बसला. तू आत होतास, हे खरंच आहे. तुला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून बाबा तुलाही आईबरोबर आत ठेवून ऑफिसला जायचे. मी शाळेतून यायचे ती बंद दारापुढे. संध्याकाळी बाबा येऊन कुलूप काढेपर्यंत तुम्ही दोघं आत, मी बाहेर. तू पाच-सहा वर्षांचा होतास ती गेली तेव्हा. तुझं लहानपण म्हणजे ती खोली.

पण आठवणीला पुरावा लागतो. आमच्या धंद्यात भिंत खोटं बोलत नाही. जिथे कधीकाळी खिडकी होती तिथे वरती आडवा दगड किंवा लाकूड सापडतंच, नंतर बुजवली तर विटांचे थर जुळत नाहीत. म्हणून मी माणूस लावून त्या भिंतीचं प्लास्टर पूर्ण काढून घेतलं, आतून आणि बाहेरून. बाहेरून काढताना तो माणूस आडवा होऊन कसाबसा शिरला, कारण आपली भिंत आणि शेजारच्यांची भिंत यांच्यामधे मांजर जाईल एवढीच जागा आहे.

काही नाही. आडवा दगड नाही, लाकूड नाही, बुजवलेली चौकट नाही. खालपासून वरपर्यंत एकाच हाताने, एकाच दमात रचलेल्या विटा. या भिंतीला कुणी टाचणीसुद्धा टोचलेली नाही.

अध्यक्षांना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, विटा नीट बघितल्या. माणूस वाईट नाही. म्हणाले, “बाई, तुमचं बरोबर असेल. पण तुम्ही विटांची साक्ष काढताय. ती खिडकी लोकांच्या मनात आहे. माझी बायको शेवटच्या आजारात ते प्रकरण माझ्याकडून रोज वाचून घ्यायची. तिने त्या खिडकीतून बघितलं आहे. तुमच्या विटा आजवर कुणी बघितल्या?”

भांडायला आलेल्या माणसाने आपल्या हातात स्वतःचं दुःख ठेवलं की आपण भांडणार कशाशी?

जाताना ते खिडकीच्या प्रकरणापुढची पानं झेरॉक्स करून देऊन गेले. झडपा, कट्टा, बाहेरचं दृश्य, सगळं त्यात आहे, त्याप्रमाणे नकाशा करा म्हणाले. म्हणजे आता मला ती पानं वाचावी लागणार. बाबा आत दार वाजवताहेत, उठते.

ताई


५ जुलै

छोट्या,

पानं वाचली.

कसं लिहू ते कळत नाही. मागचं पत्र मिळालं असेल तर त्यातला राग जरा बाजूला ठेव आणि हे नीट वाच.

तुझ्या पुस्तकात खिडकीखालून एक आरसेवाला जातो. सायकलच्या कॅरिअरला उभा आरसा बांधलेला, आणि तो सायकल हातात धरून चालत जातो, आणि सगळी गल्ली त्या आरशात बसून उलट्या दिशेने निघते. दुकानं, कुत्रा, वाळत घातलेले कपडे, सगळे मागे मागे चालले आहेत. आई मुलाला म्हणते, ‘बघ, गल्ली गावाला निघाली.’ अध्यक्ष म्हणतात, हे तुझं सर्वांत प्रसिद्ध चित्र आहे. मुखपृष्ठावरही तेच आहे म्हणे. मी मुखपृष्ठ बघितलं होतं, पण मला ते काहीतरी नव्या पद्धतीचं चित्र वाटलं होतं.

छोट्या, तो आरसेवाला कधीच गेला नाही. आपल्या गल्लीतून नाही, कुठल्याच गल्लीतून नाही. तो मी रचला.

मी शाळेतून यायचे, दप्तर टाकायचे आणि त्या दाराला पाठ लावून बसायचे. आईला बाहेरचं काही दिसत नाही, म्हणून मी सांगायचे. आज कोपऱ्यावरच्या शिंप्याने नवं मशीन आणलं. आज पाण्याचा पाइप फुटला. आज मास्तरीणबाई घसरून पडल्या. कुणी मला सांग म्हणून सांगितलं नव्हतं. आतून कधी उत्तर यायचं नाही. हुंकारही नाही. खाट करकरायची, बस. कितीदा वाटलं, मी लाकडाच्या फळीशी बोलते आहे. तरी बोलायचे. एके दिवशी गणिताचा पेपर वाईट गेला होता, रस्ताभर मान खाली घालून आले, काहीच बघितलं नव्हतं. सांगायला काही नाही. म्हणून आरसेवाला सांगितला. गल्ली आरशात बसून निघाली, हेही मीच म्हटलं होतं. त्याच शब्दांत.

ते या जगात दोनच माणसांना माहीत होतं. मी, आणि दाराच्या आतली ती.

म्हणजे ती ऐकत होती. सगळं ऐकत होती. मी बाहेरून सांगायचे आणि ती तुला मांडीवर घेऊन, त्या कोऱ्या भिंतीकडे बोट दाखवून, तेच परत सांगायची, जणू समोर दिसतंय. निळ्या झडपा तिच्या असतील, त्या मी सांगितल्या नव्हत्या. कट्टाही तिचाच. तू खोटं लिहिलं नाहीस. तू बघितलंस. लेखक तू नाहीस, छोट्या, ती होती. तू फक्त लिहून काढलंस.

आणि एक सांगते. पुढे एकदा सुट्टीचा दिवस होता, बाबा पुढच्या खोलीत पेपरात डोकं घालून बसले होते. मी दारापाशी बसून कितीतरी वेळ बोलले आणि आतून नेहमीसारखं काहीच नाही. मला इतका राग आला की मी म्हटलं, “आई, तो आरसेवाला पडला. आरसा फुटला. गल्लीचे तुकडे झाले. आता काही नाही सांगायला.” आणि उठून गेले. तुझ्या पुस्तकात मी ते शोधलं. दोनदा शोधलं. कुठेच नाही. तुझ्या पुस्तकात आरसेवाला शेवटपर्यंत नीट चालत जातो. आईने तुला तेवढं सांगितलं नाही. तिने ते गाळलं.

मी आज दिवसभर रडले आहे आणि मला बरं वाटतंय. पन्नाशी उलटल्यावर आईने ‘हो’ म्हटलं.

समितीला काही लिहू नकोस. मला थोडा विचार करू दे.

तुझी ताई


२३ जुलै

छोट्या,

विचार केला आणि अध्यक्षांकडे गेले. म्हटलं, खिडकी पाडू नका. भिंत आहे तशी ठेवा, उघड्या विटांची. समोर एक बाक ठेवा. बाहेरच्या बाजूला दारापाशी एक पाट ठेवा. कुणीतरी बाहेर बसून सांगावं, आतल्याने भिंतीकडे बघून ऐकावं. खिडकी अशीच होती. आरसेवाल्याची सगळी हकिकत त्यांना सांगितली.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. डोळे भरले. मग म्हणाले, “बाई, फार मोठी कल्पना आहे. पण सहलीच्या मुलांना दाखवू काय? भिंत?” आणि थोड्या वेळाने, “आणि मग कुलपाचं काय सांगायचं? वडील तर हयात आहेत.”

वडील हयात आहेत! बाईला कोंडलं ते चालतं, पण कोंडणाऱ्याला म्हातारपणी वाईट वाटायला नको. मी म्हटलं, नकाशावरून माझं नाव काढा. त्यांनी काढलं.

काल भिंत फोडली. मी रस्त्याच्या पलीकडे उभी होते, आवाज ऐकला. नंतर ठेकेदाराने आत बोलावलं, कारण त्याची पंचाईत झाली होती. भोक पाडल्यावर समोर काय दिसणार? शेजारच्यांची भिंत, हाताच्या अंतरावर, आणि तिच्यावरून उतरणारा सांडपाण्याचा पाइप. एवढं मोठं पुस्तक वाचलेली माणसं, पण भिंतीपलीकडे काय आहे ते कुणी बघितलंच नव्हतं. वरातीमागून घोडं. आता खिडकीच्या बाहेर गल्लीचा मोठा रंगीत फोटो लावणार आहेत, मागून ट्यूबलाइट सोडून. ठेकेदार मला हळूच म्हणाला, “मॅडम, खरं सांगू? पहिली भिंतच बरी होती. निदान पाइप तरी दिसत नव्हता.”

दारही काढलं. गर्दीला अडचण होते म्हणून. कडीसकट भंगारात गेलं.

मला वाटलं होतं मी खूप चिडेन. चिडले नाही. मला सारखं घरी जायची घाई होती. कारण मी बाबांना एकटं ठेवून आले होते, सांभाळणारी बाई आजारी आहे.

ताई


३१ जुलै

छोट्या,

पहिल्या पत्रापासून एक गोष्ट तुझ्यापासून लपवते आहे. तू शब्दांतला माणूस, तुला वास आला असेलच. दाराचं काम, उपाय केला, दार वाजवताहेत.

बाबांच्या खोलीला मी बाहेरून कडी लावली आहे.

साधी, बाजारात मिळते ती. सुताराने विचारलं, “बाहेरून?” मी म्हटलं, हो. त्याने पुढे विचारलं नाही. काय करू, सांग. मे महिन्यात ते मोठ्या रस्त्याच्या मधोमध उभे होते, दोन्हीकडून ट्रक थांबलेले, आणि हे हात वर करून कुणाला तरी थांबवत होते. मला कामावर जावं लागतं. डॉक्टर म्हणतात, संस्थेत ठेवा. ती संस्था मी बघून आले. तिथेही कड्याच आहेत, फक्त जास्त. त्यांच्या खोलीला खिडकी आहे, मोठी, माझ्याच हातची, गज लावलेली. त्यांनी पलंग फिरवून घेतला आहे. खिडकीकडे पाठ करून बसतात.

आईबद्दल बाबा लोकांना काय सांगायचे ते मला आठवलं. ‘तिच्याच भल्यासाठी आहे.’ परवा शेजारणीने विचारलं तेव्हा माझ्या तोंडून तेच आलं. अगदी त्याच सुरात.

आज दुपारी ते फारच अस्वस्थ झाले. दाराला हात मारत होते. नुसतेच, एका लयीत. उघडलं तर निघणार, आणि मला आता त्यांना धरवत नाही, त्यांच्या अंगात अजून जोर आहे. मी दारापाशी खाली बसले. पाठ लावली. आणि बोलायला लागले. मी ठरवून नाही केलं, पाठीला ती फळी लागली आणि तोंड आपोआप सुरू झालं. बाबा, बेकरीवाल्याने नवी पाटी लावली. बाबा, समोरच्यांच्या मांजरीला पिल्लं झाली. हात मारणं थांबलं. पलंग करकरला. मग माझ्याजवळचं सांगण्यासारखं संपलं, तेव्हा मी म्हटलं, बाबा, सायकलला आरसा बांधून एक माणूस चालला आहे. सगळी गल्ली त्यात बसून निघाली.

मग आतून त्यांचा आवाज आला. स्वच्छ, कितीतरी महिन्यांत ऐकला नव्हता तसा.

“पण फुटला ना तो? तू म्हणाली होतीस, फुटला म्हणून.”

छोट्या, ते तुझ्या पुस्तकात नाही. ते कुठेच नाही.

मी विचारलं, “बाबा, तुम्ही ऐकत होतात?”

“रोज नाही. सुट्टीच्या दिवशी. पेपर धरून बसायचो.” मग म्हणाले, “छान सांगायचीस.”

“किल्ली कुठे होती, बाबा?”

“खिशात.”

“मग उठला का नाहीत?”

आत पुन्हा पलंग करकरला. मला वाटलं, आता पुन्हा छिन्नी-हातोडा येणार, बाह्या वर करणार, अंगठा पुढे करणार. तसं काही झालं नाही. ते दारापाशी आले. त्यांचा श्वास मला फळीतून ऐकू येत होता, माझ्या पाठीच्या अगदी जवळ.

म्हणाले, “उघडलं असतं तर ती गेली असती गं.” आणि मग अगदी लहान आवाजात, “तू का उठत नाहीस?”

एवढंच. थोड्या वेळाने सगळं विसरले असतील, आता पुन्हा भिंत फोडणारे नवरे झाले असतील. पण त्या दोन मिनिटांपुरते ते आपले खरे बाबा होते आणि त्यांना सगळं माहीत होतं. मला हेच हवं होतं ना आयुष्यभर? कुणीतरी कबूल करावं. केलं. आणि करताना बाहेरची कडी माझ्या हातची होती.

खिडकीचं आता मला काही वाटत नाही. लोकांना ट्यूबलाइटची गल्ली बघू दे. तू पुढचं पुस्तक लिहिशील, आणि त्यात मी असेन तर एक कर. मला चांगली करू नकोस. दार उघडणारी मुलगी करू नकोस. बाबांच्यासारखी मीही म्हातारपणी ते अंगात घालेन आणि मला ते बरोबर बसेल.

तू ये. उद्घाटनाला नाही, इकडे ये. तू आत बसलेला माणूस आहेस, आतून काय लागतं ते तुलाच माहीत आहे. मला फक्त बाहेर बसून बोलता येतं.

दुपार कलली आहे. ते आत पुन्हा दाराला हात मारताहेत, हळूच. मी अजून कडी काढलेली नाही. आधी हे पत्र पुरं करावं म्हटलं.

तुझी ताई